ओढ पाहिजे का पळ

"ओढ पाहिजे का पळ, तेवढं सांगा," बाबासो मिस्त्री म्हणाला. "दोन्ही एकदम मिळायचं न्हाई."

तो माझ्या जीपखालून निम्मा बाहेर आला होता. गाडी लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी होती, मागची दोन्ही चाकं काढलेली. मागच्या एक्सलच्या मधली गोल पेटी त्यानं उघडली होती आणि आतलं काळं तेल पत्र्याच्या डब्यात गळत होतं. शालन गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसली होती, पाठीला उशी लावून. शनिवार होता. सोमवारी सकाळी साडेनऊला तिची सहावी लाईट होती.

लाईट म्हणजे कॅन्सरवर देतात ते किरण. आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. मधली तीन वर्षं चांगली गेली. मग दिवाळीनंतर पाठ दुखायला लागली आणि मणक्याचा फोटो काढला तर त्यात पुन्हा तेच निघालं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दहा लाईट सांगितल्या. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे दोन आठवडे.

डॉक्टर हे सांगत होते तेव्हा मी आत नव्हतो. वॉचमननं शिट्टी मारली म्हणून मी गाडी हलवायला गेलो होतो. परत आलो तर शालन बाकावर बसलेली. म्हणाली, "दहा लाईटी घेतल्या की झालं."

तिथल्या तिथे तिनं मला एक अट घातली.

"मी लाईट घेते. पण रोज संध्याकाळी मला घरी आणायचं. कोल्हापुरात राहणार न्हाई मी."

"आक्का हाय की. माझ्या बहिणीचं घर काय परकं हाय?"

"आक्का चांगल्या हायत. पण मी माझ्या घरात झोपणार. एक दिवस जरी तिथं ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी लाईट घ्यायची न्हाई. बघा बाई."

"बघा बाई" ती मलाही म्हणायची. मी तिला शब्द दिला. रोज आणीन म्हणालो.

आमची वाडी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर. खालच्या बाजारगावापासून नऊ किलोमीटर चढ, तेव्हा नुसता मुरूम आणि दगड. बाजारगावापासून कोल्हापूर अडुसष्ट किलोमीटर, तो रस्ता डांबरी आणि चांगला. मी त्या चढावर बावीस वर्षं वडाप केलं. सकाळी दुधाचे कॅन आणि माणसं खाली, संध्याकाळी माणसं आणि रिकामे कॅन वर. माझी जीप त्या कामासाठीच होती. चारही चाकांना जोर लावायची सोय होती तिला, आणि मागेपुढे दोन्हीकडे आठ-त्रेचाळीसचा जोड होता. म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या लहान चक्राला आठ दात आणि चाकांकडे जोर नेणाऱ्या मोठ्या चक्राला, क्राउनला, त्रेचाळीस. चाक एकदा फिरायला इंजिनाकडचा दांडा पाच वेळा आणि वर थोडा फिरायचा. त्यामुळे गाडी भिंतीवर सुद्धा चढेल अशी, पण डांबरीवर पंचावन्नच्या वर गेली की इंजिन रडायला लागायचं.

पहिला आठवडा मी तिला तशीच नेली. मागच्या बाकांच्या मध्ये फळ्या टाकून गादी बांधली होती. खालून दुसऱ्याची मोटार करून पाहिली होती, पण तिच्यात तिला आडवं होता येत नव्हतं. बसलं की पाठीतून कळ यायची. म्हणून जीपच. पहाटे पाचला निघायचं. घाट उतरायला तास, आणि पुढे त्या रडणाऱ्या इंजिनात दोन तास. तिच्या डोक्याखालीच गिअरची पेटी. तिनं कानात कापूस घातला, तरी आवाज हाडातून यायचा म्हणायची. बुधवारी वाटेत ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकलो आणि दहाला पोचलो. नंबर गेला. दुपारी तीनपर्यंत तिला लाकडी बाकावर बसवून ठेवलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. आवाज न करता. पदर तोंडात धरून.

तेव्हाच मी ठरवलं, गाडीचे दात बदलायचे.

बाबासोकडे मोडीत निघालेल्या एका गाडीचा अकरा-एक्केचाळीसचा जोड होता. त्यात दांडा पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. गाडी त्याच इंजिनावर ऐंशीनं पळाली असती, आणि आवाज निम्म्यानं कमी.

"हा टाकला तर दीड तासाच्या आत कोल्हापूर," बाबासो म्हणाला. "पण माझ्याकडं मागचाच जोड हाय. पुढच्या एक्सलचा बुधवारी येईल. तवर मागं अकरा-एक्केचाळीस आणि पुढं आठ-त्रेचाळीस. कळतंय न्हवं?"

मला कळत होतं. मागची चाकं एका मापानं आणि पुढची दुसऱ्या मापानं फिरायला लागली, तर एकमेकांशी भांडून दात मोडतात. पुढचा जोड येईपर्यंत पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा काढूनच ठेवायला लागणार होता. म्हणजे फोर व्हील बंद. बुधवारपर्यंत फक्त मागची दोन चाकं.

"आणि दुसरं काय म्हणत होतास?"

"दुसरं हे." त्यानं फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू बाकावर ठेवली. "लॉक. दात हायत तेच ठेवायचे, आणि मागच्या डिफरन्शियलला हा टाकायचा. हा नव्या जोडाला बसत न्हाई, जुन्याच पेटीला बसतो. म्हणून म्हणतो, ओढ का पळ, एक सांगा."

शालननं विचारलं, "लॉक टाकून काय हुतं?"

बाबासोला असं कुणी विचारलं की आवडायचं. तो उठून बसला. "वहिनी, हे साधं डिफरन्शियल कसं असतंय सांगू? घरात जो जास्त आरडतो त्यालाच जास्त वाढायचं. एक चाक घसराय लागलं, मोकळं गरगर फिराय लागलं, की सगळा जोर त्यालाच. आणि जे दुसरं बिचारं जमीन धरून बसलंय, त्याच्या ताटात काय न्हाई."

"म्हंजे आमच्या सासूबाईंचं घर," शालन म्हणाली.

बाबासो मोठ्यानं हसला. मीही हसलो. माझी आई आणि तिनं ज्याला कायम जास्त वाढलं तो माझा थोरला भाऊ, दोघंही तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"लॉक टाकला की दोघांना सारखं वाढायचं," बाबासो म्हणाला. "गाडी कुठं अडकायची न्हाई. पण पळायची बी न्हाई. आज हाय तश्शीच रडणार डांबरीवर."

"मग तो टाका," शालन म्हणाली.

"अगं, पळायला पाहिजे गाडी," मी म्हणालो. "तुझा नंबर चुकतोय."

"नंबर चुकला तर दुपारी मिळतोय की. त्या दिवशी मिळाला न्हवं?"

"तीनला मिळाला. तू रडत होतीस."

"रडले तर रडले. वर चढणारी ठेवा, भाऊजी."

बाबासो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तिला काय विचारतोस मिस्त्री? तिला काय कळतंय गाडीतलं? अकरा-एक्केचाळीस टाक."

शालननं पाठीची उशी सरकवली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमची गाडी. तुम्हाला ठावं."

"घाटाचं काय मग?" बाबासोनं पुन्हा विचारलं. "बुधवारपतूर फोर व्हील न्हाई बरं का आनंदा. मागनं बोलशील."

"जानेवारी महिना आहे. रस्ता हाडासारखा कोरडा. मी बावीस वर्षं चढतोय. तीन दिवस मागच्या चाकांवर चढीन."

संध्याकाळी सातला काम संपलं. त्या रात्री रिकाम्या रस्त्यानं वर आलो. गाडी पहिल्यासारखी खेचत नव्हती, खालच्या गिअरात घालून इंजिन ओरडवत न्यावी लागत होती, पण चढली. मला बरं वाटलं.

सोमवारी आम्ही साडेसहाला निघालो. पाचला नाही, साडेसहाला. घाटात रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडलेले दिसले, आणि एक रोलर उभा. आमच्या वाडीचा रस्ता वीस वर्षं मंजूर होत होता. त्या आठवड्यात खरंच कामाला लागला होता.

"बघ, रस्ता व्हायला लागला," मी म्हणालो.

"बघितलं," ती मागून म्हणाली.

डांबरीवर लागल्यावर गाडी अशी पळायला लागली की मलाच खोटं वाटलं. आवाज नाही, थरथर नाही. ती गादीवर कुशीवर वळून पुढे बघत होती.

"पंचावन्नच तर दाखवतंय काट्यावर," ती म्हणाली. "मग झाडं एवढी भराभर कशी मागं जाय लागलीत?"

"काटा जुन्या दातांच्या हिशेबानं चालतोय. त्याला ठाऊकच नाही दात बदललेत ते. आपण ऐंशीला आहोत."

"बिचारा काटा," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "अहो, कानातला कापूस काढला मी."

एवढं ऐकलं आणि मला वाटलं, आपण बरोबर केलं. साडेआठच्या आत पोचलो. तिचा पहिला नंबर लागला. लाईट घेऊन आल्यावर तिला घाम यायचा, म्हणून दुपारभर आक्काकडे झोपवली. आक्कानं तिला ताकभात भरवला. आक्का म्हणाली, "राहा गं आजच्या दिवस." शालन म्हणाली, "न्हाई आक्का, ह्यांनी शब्द दिलाय."

साडेचारला निघालो. सहाच्या आधी बाजारगाव मागे पडलं. घाट चढायला लागलो तेव्हा सूर्य सड्याच्या पलीकडे गेला होता, पण उजेड होता.

सहा किलोमीटर चढल्यावर घोडेवळण लागतं. सगळ्यात खडा चढ तोच. वळणाच्या अलीकडेच मला दिसलं. सकाळचे ढीग नव्हते. ती सगळी खडी रस्त्यावर पसरली होती, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, वीतभर जाडीची. वर रोलर फिरला नव्हता. रोलर वळणाच्या तोंडाशी बंद पडून उभा होता आणि कामाची माणसं निघून गेली होती.

मी थांबलो नाही. थांबलो तर पुन्हा निघायचं नाही हे माहीत होतं. खालच्या गिअरात टाकून चढवली. पंधरावीस हात गेली. मग मागचं डावं चाक फिरायला लागलं. खडी मागे उडत होती, पत्र्यावर आपटत होती. उजवं चाक जागच्या जागी थंड. बाबासोनं सांगितलं होतं तसंच. एका चाकाला सगळा जोर, दुसऱ्याला काहीच नाही. गाडी थोडी मागे सरकली आणि मी ब्रेक धरला.

"लागलं का गं?"

"न्हाई. काय झालं?"

"खडी टाकलीय."

उतरून मी चाकांमागे दगड लावले. डाव्या चाकापुढची खडी हातानं बाजूला केली, खाली मुरूम लागेपर्यंत. गाडीतलं गोणपाट घातलं. पुन्हा चढवली. दोन हात गेली आणि गोणपाट मागे फेकलं गेलं. पुन्हा खडी उकरली. असं चार वेळा केलं. नखं फाटली. फोर व्हील असती तर ती गाडी तिथून गाणं म्हणत गेली असती. लॉक असता तरी गेली असती. मला दोन्ही ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक असणार, कारण शनिवारी ती तिथेच बसली होती.

"मी चालते," ती म्हणाली.

"तीन किलोमीटर?"

"आता पाठ तेवढी दुखत न्हाई. खरंच. दोन दिवसांत कमी आलंय."

ती माझ्या खांद्याला धरून उतरली. खडीवरून चालायला लागली. पायाखालची खडी सरकायची आणि प्रत्येक वेळी तिचा श्वास अडकायचा. मी मोजली. अकरा पावलं. बाराव्याला ती खाली बसली, रस्त्याच्या मधोमध, आणि दोन्ही हात पाठीमागे टेकले.

"थांबू जरा इथंच," ती म्हणाली. "कुणीतरी येईल की वरून."

"आता कोण येणार? दिवस बुडाला. फोनही लागत नाही इथं. आणि उद्याची लाईट? गाडी इथं अडकली तर उद्या सकाळी तुला नेणार कशी?"

"एक दिवस चुकली तर काय हुतंय?"

"चुकवायची नाही असं डॉक्टर म्हणालेत ना?"

ती म्हणाली, "हां, म्हणालेत."

"मग? चारच राहिल्यात. चार दिवस आक्काकडे काढ. तोवर रोलर फिरेल, पुढचा जोड येईल. शुक्रवारी दहावी झाली की तुला थेट घरी आणतो. मग कुठं म्हणजे कुठं नेत नाही."

"तुम्ही शब्द दिलाय."

"शालन, तू बरी व्हावीस म्हणूनच करतोय ना मी हे सगळं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं तिचं तोंड झालं. मग तिनं माझा हात हातात घेतला. बोटांना रक्त आलं होतं ते बघितलं, आणि पदरानं पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "चला."

गाडी उताराला लावणं सोपं होतं. वळवली, तिला गादीवर निजवलं आणि खाली निघालो. डांबरीवर आल्यावर ती पुन्हा तशीच सुरेख पळाली. मी आरशात दोनतीनदा बघितलं. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. साडेनऊला आक्काच्या दारात होतो.

दुसऱ्या दिवशी लाईट घेणार नाही म्हणाली होती, पण घेतली. मंगळवारची घेतली, बुधवारची घेतली. मी खूश होतो. आठ झाल्या. बुधवारी बाबासोचा फोन आला, जोड आलाय म्हणून. मी म्हणालो शुक्रवारी वर जाताना टाकू. आक्काच्या पुढच्या खोलीत तिची गादी होती. तिच्याशी बोलायला शेजारच्या बायका यायच्या. ती सगळ्यांशी नीट बोलायची. माझ्याशीही नीट बोलायची. फक्त मंगळवारी संध्याकाळी मी विचारलं, काही पाहिजे का, तर म्हणाली, "काय न्हाई. इथं रस्त्याचा आवाज फार येतोय, न्हवं?"

गुरुवारी सकाळी आठला आक्कानं चहा आणला. शालन उठून बसली. कप हातात घेतला. "जरा दम लागल्यासारखं झालंय," म्हणाली. मी खिडकी उघडायला उठलो. खिडकीची कडी घट्ट होती. ती उघडून वळलो तेव्हा कप गादीवर सांडला होता आणि आक्का तिचं डोकं धरून बसली होती. एवढा वेळ लागला. खिडकीची कडी काढण्याएवढा.

दवाखान्यात नेली, पण तिथं फक्त कागद करायचे होते. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असणार, असं तिथले म्हणाले. लाईटच्या विभागातल्या डॉक्टर बाई, तिशीच्या असतील, नाव कळल्यावर खाली आल्या. मी व्हरांड्यात होतो. त्या शेजारी बसल्या.

"काका, शेवटी पाठ दुखायची थांबली होती का त्यांची?"

"कमी आली होती. बरी होत आली होती ती. दोनच राहिल्या होत्या."

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "काका, त्या लाईट बरं होण्यासाठी नव्हत्या. यकृतात पसरलं होतं. दुखणं कमी व्हावं, एवढ्यासाठीच होत्या. तीन महिने, चार महिने, त्याच्यापुढे नव्हतं. तुम्हाला नाही का सांगितलं त्यांनी?"

मी म्हणालो, "नाही."

"पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं त्यांना. तुम्हाला बोलवते म्हणाले होते. तर म्हणाल्या, नको, मालकांना मी सांगते सवडीनं. ते आताच धीर सोडतील."

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, रोज घरी जाता येईल ना म्हणून. मी म्हटलं, येईल की. गाडीची सोय असेल तर रोज जा."

मी त्यांना विचारलं, "एक दिवस चुकली असती तर?"

"लाईट? काही झालं नसतं. एक काय, दोन दिवसांनी दिली असती तरी चाललं असतं." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "का?"

मी कागद उचलले आणि उठलो.

तिला मी माझ्याच जीपमधून आणली. शववाहिकेचा माणूस म्हणाला, बाजारगावापर्यंत येतो, घाट चढणार नाही. मग तिथे कशाला उतरवायची पुन्हा? आक्का मागे बसली, तिच्या पायाशी. मी चाळीसनं चालवली. काट्यावर अठ्ठावीस दिसत होते. मागून सगळे हॉर्न वाजवत पुढे जात होते.

बाजारगावात बाबासो रस्त्यावर येऊन उभा होता. त्याला कळलं होतं. तो गाडीजवळ आला, आत बघितलं, हात जोडले. म्हणाला, "आत्ता टाकतो पुढचा जोड. दोन तास लागतील. थांब."

मी म्हणालो, "नको मिस्त्री."

"अरे, चढायची न्हाई गाडी."

"बघू."

तो माझ्या शेजारी चढून बसला.

घोडेवळणाच्या अलीकडे मी गाडी थांबवली. खडी तशीच होती. रोलर अजून बंदच. सोमवारी मी उकरलेला खड्डा तसाच होता आणि त्यात गोणपाटाचा तुकडा. आणि खडीच्या वरच्या टोकाला सगळी वाडी उभी होती. चाळीसेक माणसं. बाया मागे. कुणीतरी फोन केला होता आणि ते खाली चालत आले होते. बैलांचा जाड दोर आणला होता, दोन पदरी केलेला.

बिरू कोकरे पुढे आला. त्याचं घर वाडीच्या अलीकडच्या टोकाला, घोडेवळणाच्या अगदी वर, कड्यावर. तो आणि मी बरोबरीचे. त्यानं आत बघितलं नाही. गाडीच्या पुढच्या हुकाला दोर बांधला आणि म्हणाला, "इंजिन बंद कर. न्यूट्रलला टाक. तू फक्त स्टेअरिंग धर."

मी इंजिन बंद केलं. गिअर काढला. बाबासो उतरून मागून ढकलायला गेला.

माणसांनी दोर खांद्यावर घेतला. कुणी ओरडलं नाही. एरवी ओढताना एकजण हाळी देतो आणि बाकीचे जोर लावतात, पण आत कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बिरू नुसता हात वर करायचा आणि खाली आणायचा. गाडी हलली. चारही चाकं सारखी फिरत होती, हळू, खडी दाबत. कुठलंही चाक घसरलं नाही. इंजिन बंद असल्यामुळे मला माणसांचे श्वास ऐकू येत होते आणि मागे आक्का हुंदके देत होती ते. पाव तास लागला असेल. सोमवारी मी तासभर धडपडलो होतो.

खडी संपली तिथे त्यांनी दोर सोडला. कुणी गुडघ्यावर हात ठेवून उभा, कुणी खाली बसला. बिरू माझ्या खिडकीशी आला. घामानं भिजला होता. दम खात होता. त्यानं पाणी मागितलं. मी बाटली दिली. तो प्याला आणि बाटली परत देताना म्हणाला,

"सोमवारी संध्याकाळी गाडीचा आवाज येत होता आम्हाला. तासभर येत होता. मी भाकरी खात होतो. ही म्हणाली, आनंदा भाऊजींची जीप वाटते, बघून या. मी म्हटलं, आपलाच माणूस आहे, अडकला असता तर हाक मारली असती की." त्यानं दाराच्या पत्र्यावर हात ठेवला. "आम्ही सगळे घरीच होतो रे. हाक का न्हाई मारलीस?"

मागे शालनच्या तोंडावरचं कापड वाऱ्यानं सरकलं होतं, ते आक्का नीट करत होती.

मी इंजिन चालू केलं. वरचा रस्ता कोरडा होता. गाडी चढली.